रणजीत घोडीवर का बसला नाही

जत्रा रविवारी आणि रणजीतला घोडीवर बसता येईना.

आमच्या घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांपुढं घोडी पळते. आमच्या बैलांपुढची घोडी कायम माझा नवरा पळवतो. चाकणच्या कंपनीत तो सगळ्यांचं ऐकून घेतो, घाटात गाव त्याचं ऐकतं. म्हणून लघवीला आग होते हे त्यानं लपवलं.

शेवटी घरात कळलंच, तेव्हा सासरे, चिमाजी, म्हणाले, "उन्हाळी लागलीय. सब्जा पी."

सब्जा झाला. मग यानं माझ्या उरलेल्या गोळ्या खाल्ल्या. मागं मला लघवीचा संसर्ग झाला होता, तेव्हाच्या.

"तुला लगेच गुण आला की!"

"अहो, मला थंडी वाजून ताप आला होता? बसताना खाली दुखत होतं?"

घोडी उधळली तरी न घाबरणारा माणूस, पण डॉक्टरपुढं पँट सोडायची म्हटलं की गोठ्यात जाऊन लपतो. मी गाडीत कोंबलं त्याला.

राजगुरुनगरच्या साधना डॉक्टरांनी धार बारीक झालीय का, दुखतं नेमकं कुठं, सगळं विचारलं. मग हातमोजा चढवला. पडद्याआडून आवाज आला, "आई गं!"

"जयमालाताई, तुमचं दुखणं मूत्राशयात होतं. आग तशीच, पण यांची प्रोस्टेट सुजलीय. ती ग्रंथी मूत्राशयाखाली असते, बाईला नसतेच. लघवी तपासू. औषध काही आठवडे चालेल, मध्येच सोडायचं नाही."

"आणि रविवारची घोडी?"

"दुसरा स्वार शोधा."

स्वार घरातच होता. घोडीला रोज फिरवणारी माझी नणंद पूनम.

रविवारी पूनम घोडीवर चढली आणि शर्यतीत आमच्याशी कायम चुरस असलेल्या दादासाहेबांचं टोळकं सुरू झालं, "रणजीत भ्याला, राव!" "बायकोनं सोडलं न्हाई!"

रणजीत लाल झाला. निवेदकाचा माइकच ओढून घेतला त्यानं.

"ऐका रे! माझी प्रोस्टेट सुजलीय! लघवीला आग, अंगात ताप, बसलं की खाली ठणका. मी येड्यानं बायकोच्या गोळ्या खाल्ल्या! कुणाला असं व्हत आसंल तर लाजू नका, डॉक्टरकडं पळा!"

घाटात असा हशा उसळला की बैल बिथरले. चिमाजींनी उपरणं तोंडावर घेतलं. तेवढ्यात आमच्या बैलांची बारी, म्हणजे धाव, सुटली. पुढं पूनम, मागं आमचे बैल, वर उधळलेला भंडारा. रणजीत माइकमध्ये नुसता किंचाळत होता, "पळव पूनम, पळव!"

बारी पहिली आली. आम्ही गुलालात नाचत असताना दादासाहेब हळूच याच्या कानाला लागले, "भावा, खाली म्हंजी नेमकं कुठं रं?"