उसने दिलेले लाल कुलूप

मित्रांनो, मी एक जुने लाल कुलूप आहे. माझ्या कडीवर कटरच्या दाताची खूण आहे. ती मी मिरवते.

माझी मालकीण नेनिता साखर कारखाने उभारणाऱ्या टोळीत केबल ओढायची. विजेचे काम करणारा प्रत्येक जण आधी स्विच बंद करून त्याला आपले कुलूप लावतो, किल्ली खिशात ठेवतो. तो बाहेर येऊन कुलूप काढेपर्यंत वीज सुरू होत नाही. केबल ओढणाऱ्यांना मात्र कुलूप मिळत नसे. म्हणून तिने मला बाकोलोद शहराच्या बाजारातून आणले आणि माझ्यावर खिळ्याने नाव कोरले.

“कशाला लावणार गं हे?” मानोंग तिबो हसला. मानोंग म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. टोळीतला तो जुना वायरमन; तारा जोडायला त्यानेच तिला शिकवले.

“तुमच्या तोंडाला, मानोंग!”

पुढे परीक्षा देऊन ती वायरमन झाली, मग मुकादम. सहा कारखाने उभे राहिले. उन्हाने माझा रंग विटला, पण मी एकदाही दगा दिला नाही. मग ती सुपरवायझर झाली. तिच्या हातात नकाशे आले आणि मी खणात पडले. पद तीन महिन्यांच्या बोलीवर होते. नवी गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढून नेणारा साखळीचा पट्टा, वेळेवर फिरली तर कायम, नाही तर पुन्हा मुकादमी.

चाचणीच्या सकाळी गव्हाणीच्या तळाच्या मोटरीचा एक जोड तपासायचा राहिला होता आणि तिबोचे कुलूप गंजून बसले होते. घाईघाईत नेनिताने मला त्याच्या हातात दिले. “हे लावा. किल्ली तुमच्याकडंच ठेवा.”

अकरा वाजता कामाचे प्रमुख ओकांपो साहेब चाचणी सुरू करायला आले. स्विचवरची बाकीची कुलुपे निघाली होती. मी एकटेच लटकत होते. त्यांनी माझ्यावरचे नाव वाचले.

“अगं, तू तर इथं उभी आहेस! काढ की.”

“किल्ली मानोंगकडं आहे.”

“तो केव्हाच भात खायला बसला असेल,” कोणीतरी म्हणाले.

“मग कापा,” साहेब म्हणाले. कटरचा दात माझ्या कडीत रुतला.

नेनिताने कटर धरला. “थांबा. नाव माझं असलं तरी कुलूप तिबोनं लावलंय. मी ते उसनं दिलं, चूक माझी. माझं पद घ्या. पण तो येऊन उघडेपर्यंत वीज येणार नाही.”

माणसे धावली. खानावळीत तिबो नव्हता. तो गव्हाणीच्या तळाशी साखळीखाली आडवा सापडला, कानांत कापूस घालून. ग्रीसने माखलेला तो बाहेर आला.

“काय साहेब, वरात कुणाची?” एवढे बोलला आणि त्याला कटर दिसला. त्याने खिशातून किल्ली काढली आणि मला उघडले.

गव्हाण तासभर उशिरा फिरली. नेनिताने आपली चूक सूचनांच्या फळ्यावर स्वतः लिहिली. साहेबांनी ती दोनदा वाचली. खाली लिहिले, “प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे कुलूप. केबल ओढणाऱ्यांनाही. सुपरवायझर नेनिता हे आजच बघतील.”

आता मी त्या फळ्याखाली टांगलेले असते. नवीन माणसे कामावर येताना माझ्या खुणेवरून बोट फिरवतात.

मित्रांनो, मला तेल दिले नाही तरी चालेल. आपले कुलूप मात्र कुणाला उसने देऊ नका. आणि बंद स्विचवर एखादे दिसले, तर त्यावरच्या नावाने हाक मारा. तो माणूस समोर येईपर्यंत थांबा.