गंधासकट वजन

वनजा दमली होती. नुसती दमली नव्हती, तिला वीट आला होता. आठवडाभर शाळेत पोरांच्या मागे घसा कोरडा करायचा, आणि सुटीच्या दिवशी तबकड्या वाजवायचे दोन जडशीळ टर्नटेबल आणि गाण्याच्या तबकड्यांचे खोके उचलून म्हैसुरातल्या बन्नीमंटप मैदानाजवळ वादिराजच्या हॉलवर न्यायचे. सांगितलंय कुणी? पण हातानं तबकडी फिरवून लोकांना नाचवायचं वेड एकदा अंगात शिरलं, की लिंबू उतरवूनही जात नाही.

मागच्या वेळी ऐन रंगात सुई उडाली. गाणं मधेच तुटलं, नाचणारे खोळंबले. वादिराज भला माणूस, पण हॉल त्यालाही चालवायचाय. तो म्हणाला, ‘‘मेडम, अजून एकदा असं झालं तर तबकड्या बेड, नकोतच. सुम्ने, गपचूप लॅपटॉप आणा.’’ म्हणजे आज दसऱ्याला सुई उडाली, की वनजाच्या तबकड्या कायमच्या माळ्यावर.

त्यात काल आयुधपूजेला आईनं, जयलक्ष्मीबाईंनी, वेगळंच काढलं. घराणं म्हैसूरच्या जुन्या शिपायांचं. दरवर्षी पूजेला पणजोबांची तलवार, विळी आणि स्कूटर, बस. वनजाच्या यंत्रांना जयलक्ष्मीबाई आजवर ‘तुझी ती भुतं’ म्हणत आल्या. यंदा मात्र कुणी न सांगता त्यांनी दोन्ही टर्नटेबल पाटावर मांडले, झेंडू वाहिला, आणि सुई बसवतात त्या दांड्याच्या टोकावर गंधाचा चांगला जाड गोळा थापून वर कुंकू-अक्षता चिकटवल्या. डोळे भरून आले वनजाचे.

आज हॉलवर यंत्रं मांडताना ते वाळलेलं गंध पुसायला तिचा हात धजेना. इतक्या वर्षांनी आईनं हात जोडले, आणि आपण फडकं घ्यायचं? ‘‘राहू दे की,’’ असं पुटपुटत तिनं गंधासकट वजन जमवलं. या दांड्याचं तराजूसारखंच असतं. मागचं गोल वजन फिरवत दांडा अधांतरी तरंगेपर्यंत आणायचा, मग हवा तेवढा भार सुईवर द्यायचा. कमी पडला तर सुई उडते, जास्त झाला तर तबकडी खरवडते. तिनं नेमका दिला. हुशारी केली म्हणे! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

चारच्या सुमाराला मैदानातली दसऱ्याच्या संध्याकाळची मशालींची कवायत बघायला आलेली मंडळी आधी नाचायला हॉलमध्ये जमली. जयलक्ष्मीबाईही आल्या होत्या, पहिल्यांदाच. पुढच्या खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या.

दोन गाणी छान गेली. तिसऱ्याला वनजानं तबकडी हातानं मागे ओढली आणि सुई टुणकन उडाली. पटकन तिनं दुसऱ्या यंत्रावर गाणं लावलं, म्हणून लोकांच्या ध्यानात आलं नाही. दारातल्या वादिराजच्या मात्र आलं. बघतच राहिला तो.

वनजानं वाकून पाहिलं तर काळ्या तबकडीवर गंधाची खपली. बाजूच्या स्पीकरच्या हादऱ्यानं गंध सुटत होतं आणि दांड्याचं टोक हलकं होत होतं. तिनं मागचं वजन जरासं पुढे घेतलं. तोवर अजून एक खपली पडली. पुन्हा वजन, पुन्हा खपली. दुसऱ्या यंत्राच्या दांड्यावरही तेच गंध, आणि तिथलं गाणं संपत आलेलं.

अय्यो, कंटाळले बाई! उडू दे सुई, असं तिच्या मनात आलं. होऊ दे लॅपटॉप. नाहीतर नकोच तेही. रविवारी दुपारी पाय पसरून झोपेन. आपण सोडलं असंही व्हायचं नाही, गंधानं घात केला म्हणता येईल.

‘‘काय गं वने, काय झालं?’’ आई शेजारी येऊन उभी होती.

‘‘गंध गळतंय. वजन बिघडतंय सगळं.’’

‘‘मग पुसत का नाहीस?’’

‘‘तू लावलंयस ना.’’

जयलक्ष्मीबाईंनी कपाळावर हात मारला. ‘‘काय खुळी पोर! पूजेची विळी दुसऱ्या दिवशी धुतल्याशिवाय मी भाजी चिरते का? पूजा काल झाली. सरक.’’ बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक ओलं करून त्या दांडा घासायला लागल्या.

‘‘आई, सुईला नको! सुईला हात नको लावू!’’

‘‘कळतंय मला. तू तुझं ते वजन बघ.’’

वनजानं दांडा पुन्हा तरंगवला, भार दिला, तबकडी पुसून सुई टेकवली. दुसऱ्या यंत्रावरचं गाणं संपता संपता इकडचं सुरू झालं. तिनं तबकडी मागे ओढली, पुढे ढकलली, पुन्हा ओढली. सुई जागची हलली नाही. हॉलमध्ये एकच शिट्ट्या!

‘‘पुढच्या रविवारी चारलाच या, मेडम,’’ वादिराज दारातून ओरडला. ‘‘तबकड्या घेऊनच.’’

वनजानं मान हलवली. खरं तर तिला रडूच फुटायचं बाकी होतं. इतकी आयती सुटका समोर आली होती, आणि आईनंच ती घालवली. आता कुणाला सांगणार, मी दमलेय म्हणून?

‘‘उभी काय राहिलीस?’’ जयलक्ष्मीबाई खोक्यातून तबकडी काढून तिच्यापुढे धरत होत्या. ‘‘ही घे. लोक नाचतायत.’’