अवरेकाईचे दाणे

दामोदरपंतांनी भिजवलेल्या अवरेकाईचा दाणा चिमटीत दाबला. साल बोटांत राहिली आणि पावट्याचा गुळगुळीत दाणा पातेल्यात पडला. समोरचे दाणे संपले, तरी चिमटी चालूच राहिली.

"साकु, दामू," वासंतीबाई म्हणाल्या. बोटे थांबली. वासंतीबाईंनी आणखी दाणे ओतले, तेव्हा ती पुन्हा चालू लागली.

कुणी कानडीतून पुरे म्हटल्यावाचून त्यांचा हा धाकटा भाऊ हातातले काम सोडत नसे. चामराजपेटेतल्या त्या घराला याची सवय होती. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या नातवाला, ध्रुवला, मात्र त्याचे कारण 'लहानपणीचा ताप' एवढेच ठाऊक होते.

आज त्याला जे. पी. नगरहून मुद्दाम बोलावले होते. गुरुवारी वासंतीबाईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. त्यातून उठणे होईल न होईल. दामूला कुणी ठेवून घ्यायचे, हे त्याआधी ठरायला हवे होते. विचारावे असे दुसरे कुणी उरले नव्हते.

"तुझ्याकडे एक मागणं होतं, बाळा."

"माग ना आजी. आधी चहा दे पण, डोकं उठलंय. वर्षभर खपून प्रोग्राम लिहिला आणि साहेबानं त्याची पार लोबॉटमी करून टाकली!"

वासंतीबाईंचा हात साखरेच्या डब्यावर थबकला. हा शब्द त्यांनी आजवर एकदाच ऐकला होता, इस्पितळाच्या व्हरांड्यात, वडिलांच्या शेजारी उभे राहून.

"म्हणजे काय रे?"

"अगं, पूर्वी वेड्यांचा मेंदू कापायचे, माणूस थंड पडावा म्हणून. आता कोण करतंय! नुसतं म्हणायचं. टीव्ही बघून लोबॉटमी, मीटिंगला बसून लोबॉटमी. जीव काढून घेतला, मान डोलावणारा ठोकळा उरला, असं."

दामोदरपंतांनी मान वर केली. आपण होऊन ते क्वचितच बोलत.

"त्याला दुखलं का?"

"प्रोग्रामला?" ध्रुव हसला. "त्याला काय दुखणार, आजोबा!"

"सरी, बरं." दामोदरपंतांच्या मुद्रेवर समाधान उमटले. ओल्या बोटाने कानटोपी वर सारून त्यांनी कपाळाच्या कडेची खोलगट खूण चाचपली. "मलाही नाही दुखलं. अक्का रडली, पण."

ध्रुव त्या खुणेकडे पाहत राहिला. मग त्याने आजीकडे पाहिले. त्या पाठमोऱ्या होत्या. चहा गाळून झाला होता, तरी गाळणे त्यांच्या हातातच होते. मागायचे ते आता कोणत्या तोंडाने मागावे, हे त्यांना उमगत नव्हते.

त्याने चहाचा कप घेतला, पण ओठांना लावला नाही.

"आजी, आजोबांना झोपताना दिवा लागतो का?"

वासंतीबाईंनी पदराने हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

"नाही रे. साकु म्हणावं लागतं, एवढंच."

पातेले भरले होते. दामोदरपंतांची चिमटी रिकामीच मिटत होती, उघडत होती.

"साकु, आजोबा," ध्रुव म्हणाला.

बोटे थांबली.