मस्टँगची दृष्ट

त्र्यंबकराव आगाशे शपथेवर सांगायचे, की आपल्याला आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नाही. गुरुनाथ पाठारे हा त्यांचा अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीतला रूममेट, चाळीस वर्षांचा मित्र. त्याला ग्रीन कार्ड आधी मिळालं, नाही वाटला. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत दोघांनी घरं घेतली, तर कोपऱ्यावरचं, मोठ्या अंगणाचं त्याला मिळालं, तेव्हाही नाही वाटला. सत्तरीला टेकला तरी त्याच्या डोक्यावर केसांचं रान... जाऊ दे, केसांचं काय एवढं! पण त्याच गुरुनाथने रिटायर झाल्यावर एकोणसत्तर सालची मस्टँग दारात आणून उभी केली, आणि त्र्यंबकरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथेच मुक्कामाला राहिली.

कारण जुन्या गाड्यांचं वेड मुळात त्र्यंबकरावांचं. त्यांची लाल शेव्हेल त्यांनी ओक्लाहोमातल्या एका गोठ्यातून आणली होती, आतल्या कोंबड्यांच्या घाणीसकट. निवृत्तीची पहिली सहा वर्षं तिच्यात गेली. पत्रा घासला, इंजिन खोललं, परत जोडलं, परत खोललं. नीलाताईंच्या जेवणाच्या टेबलावर कित्येक महिने गाडीची सीटं पडून होती आणि नवरा-बायको ओट्यापाशी उभ्याने जेवत होते. नीलाताईंनी तेही सोसलं. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा शेजारच्या सीटवर त्याच होत्या, आणि नवऱ्याइतक्याच जोरात ओरडल्या होत्या.

आणि हा पठ्ठ्या गुरुनाथ! दुकानातून चपला आणाव्यात तशी तयार गाडी घेऊन आला. मोरपंखी निळी, आतून-बाहेरून चकचकीत. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! कार्ब्युरेटर दाखव म्हटलं तर गडी डिकी उघडायचा. पण मिरवायला पुढे.

तेही गिळलं असतं एक वेळ. पण गावातला तो कार शो होता ना! दर ऑक्टोबरात चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये जुन्या गाड्या मांडतात. परीक्षक वगैरे भानगड नाही. प्रत्येक गाडीपुढे कॉफीचा रिकामा डबा. येणारा-जाणारा आवडलेल्या गाडीच्या डब्यात चिठ्ठी टाकतो आणि ज्याच्या डब्यात चिठ्ठ्या जास्त, त्याला कप. त्र्यंबकराव दर वर्षी दुसरे यायचे, एका म्हाताऱ्या टेक्सनच्या मागे. गेल्या वर्षी तो म्हातारा गाडी विकून मुलीकडे ॲरिझोनाला गेला. आता कप आपलाच, म्हणून त्र्यंबकरावांनी शोकेसमध्ये गणपती सरकवून जागासुद्धा केली. आणि पहिल्याच फटक्यात कप घेऊन गेला कोण? गुरुनाथ! वर खांद्यावर हात टाकून म्हणतो काय, "त्र्यंबक, तुझ्यामुळेच नाद लागला रे मला." अंगाची लाहीलाही झाली नुसती.

या वर्षी तरी कप आपल्या घरात यायला हवा, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं.

शो शनिवारी होता. त्याआधीच्या मंगळवारी गुरुनाथने हाक मारली म्हणून त्र्यंबकराव त्याच्याकडे गेले. तो नुकताच गाडी फिरवून आला होता. बॉनेट उघडं टाकून तो चहा आणायला आत गेला आणि त्र्यंबकरावांना राहवेना. शत्रूचं झालं तरी इंजिन ते इंजिन! वाकून बघतात तर कार्ब्युरेटरच्या मागच्या अंगाला ओल. खिशातला पांढरा रुमाल काढून पुसलं, नाकाशी नेलं. पेट्रोल! पॅकिंग गेलं होतं. बघता बघता तिथे दुसरा थेंब जमला, ओघळला आणि गरम इंजिनावर पडून उडून गेला.

गुरुनाथला याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. एक तर ती जागा समोरून दिसत नाही, आणि कोविडनंतर त्याचं नाक गेलं ते गेलंच. हिंग आणि अत्तर त्याला सारखंच. त्याची बायको, सुवर्णावहिनी, म्हणायच्या की गॅरेजमध्ये कसला तरी वास मारतो, तर हा म्हणायचा, जुन्या गाड्यांना मारायचाच.

चहाचे कप घेऊन गुरुनाथ आला. "काय मग? कसं काय इंजिन?"

त्र्यंबकरावांनी रुमाल खिशात कोंबला. आता बोलावं की नाही? बोलले असते तर पॅकिंग बदलून गाडी शनिवारी हजर. नाही बोलले, तर शोच्या मैदानात गाडीखाली थेंब पडणार, आयोजक ती बाहेर काढायला लावणार. गळकी गाडी तिथे उभी करूच देत नाहीत. त्यात कुणाचं काय वाईट होतंय? एवढा एक शनिवार जाऊ दे, मग सांगू, पाहिजे तर पॅकिंगही आपणच बसवून देऊ.

"झक्कास!" त्र्यंबकराव म्हणाले आणि चहा प्याले.

त्या दिवशी घरी आल्यावर ते शीळ घालत होते. आमटी दोनदा मागून घेतली. नीलाताईंनी विचारलंसुद्धा, "काय हो, स्वारी खुशीत दिसते?" तर म्हणाले, "हवा छान पडलीये."

गुरुवारी सुवर्णावहिनींचा नीलाताईंना फोन. "नीलाताई, तुम्ही दृष्ट काढता ना? आमच्या गाडीची काढून द्या हो. ह्यांनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, त्यावर ढीगभर कॉमेंट्स, आणि तेव्हापासून बघा! आधी बॅटरी गेली, मग टायर पंक्चर, परवा दुकानाबाहेर कुणी तरी दाराला सामानाची कार्ट घासली. कुणाची तरी नजर लागलीये."

"कसली नजर यार, वहिनी!" स्पीकरवर गुरुनाथ मागून ओरडला. "पण करून टाका, एनीवे. शनिवारी रिस्क नको."

नीलाताई हसल्या. त्यांची आई दृष्ट काढण्यात पटाईत होती आणि ते सगळं शब्दन् शब्द त्यांना पाठ होतं. त्र्यंबकराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, पण काय वाचलं ते देव जाणे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

शुक्रवारी ऊन कलल्यावर दोघं गुरुनाथकडे गेली. मस्टँग गॅरेजमधून बाहेर काढून धुऊन ड्राइव्हवेवर उभी केली होती. इंजिन अजून गरम होतं. गुरुनाथने बार्बेक्यूत कोळसे पेटवून ठेवले होते. नीलाताईंनी मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेतल्या, पदर खोचला आणि गाडीभोवती फिरत मूठ ओवाळू लागल्या.

"आल्यागेल्याची, घरच्यादारची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, सख्ख्याची, सोबत्याची..." बोलता बोलता त्यांनी नवऱ्याकडे पाहून डोळे मिचकावले. "आणि आमच्या ह्यांची!"

सगळे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्यांदा हसले त्र्यंबकराव.

मग नीलाताईंनी निखारे एका जुन्या लोखंडी कढईत घेतले आणि मूठ त्यात टाकली. तडतड करत मोहरी उडाली, धूर निघाला. सुवर्णावहिनी म्हणाल्या, "अहो, बॉनेट उघडा की! खरी नजर तर इंजिनाला लागते. आतूनही धूर दाखवू."

"करेक्ट!" म्हणत गुरुनाथने बॉनेट वर केलं.

त्र्यंबकराव दहा पावलांवर झाडाखाली उभे होते. नीलाताई कढई घेऊन पुढे निघाल्या. लाल फुललेले निखारे, मिरच्यांचा धूर, आणि पुढे ते इंजिन. अजून बोलायला वेळ आहे, त्यांना वाटलं. ती लांबूनच दाखवेल. नीलाताई लांबून दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या. काम करायचं तर नीट करायचं. त्या थेट बॉनेटखाली वाकल्या आणि कढई आत धरली.

"नीले! मागे हो! पेट्रोल गळतंय तिथे!"

गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस कसा धावला ते त्यालाच माहीत. त्र्यंबकरावांनी एका हाताने बायकोला मागे खेचलं आणि दुसऱ्या हाताने कढई फडक्याशिवायच धरून लांब हिरवळीवर भिरकावली. तळहाताचं कातडं चर्र झालं. गवतात निखारे विखुरले, सुवर्णावहिनींनी गाडी धुवायच्या पाईपने ते विझवले. नीलाताई गवतात बसल्या होत्या आणि त्यांची साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली होती.

गुरुनाथ इंजिनात वाकला. "कुठे गळतंय? मला तर कोरडं दिसतंय."

"मागच्या बाजूला," त्र्यंबकराव धापा टाकत म्हणाले. "कार्ब्युरेटरच्या मागे. हात घाल."

गुरुनाथने हात घातला. बोटं ओली निघाली. तो पांढराफटक पडला. "बाप रे! आणि मी इथे कोळसे... त्र्यंबक, तुला तिथून कसं दिसलं रे?"

"वास आला."

"मला कसा नाही आला?" नीलाताई गवतातून म्हणाल्या. "मी तर वाकले होते."

"मिरच्यांच्या धुरात कसा येणार तुला?"

"तरीच गॅरेजमध्ये वास मारत होता!" सुवर्णावहिनींनी कपाळाला हात लावला. मग त्या एकदम थांबल्या. "पण एवढ्या मिरच्या जळल्या आणि ठसका कुणालाच आला नाही. बघितलंत? लागलीच होती दृष्ट!"

गुरुनाथचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने त्र्यंबकरावांना मिठी मारली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "वाचवलंस रे! आणि मंगळवारी तू बघितलंस तेव्हा तर सगळं झक्कास होतं. म्हणजे तीन दिवसांत पॅकिंग गेलं बघ. जुन्या गाड्यांचा काही भरवसा नाही."

बिचाऱ्याने सबब स्वतःच शोधून हातात ठेवली. त्र्यंबकराव त्याच्या खांद्यावरून बघत होते. नीलाताई साडीचं पाणी पिळत होत्या. 'मंगळवारी' हा शब्द ऐकला आणि त्यांचे हात थांबले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पॅकिंग त्र्यंबकरावांनीच बसवलं. त्यांच्या गॅरेजमध्ये त्याच मापाचं एक जास्तीचं होतं. उजव्या हाताला फडकं बांधून, डाव्या हाताने, गुरुनाथकडून पाने धरवून घेऊन त्यांनी दिवेलागणीच्या आत काम पुरं केलं. गुरुनाथ दर दोन मिनिटांनी "तू देवमाणूस आहेस" म्हणत होता. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय, ते त्र्यंबकरावांना त्या संध्याकाळी खऱ्या अर्थाने कळलं.

घरी आल्यावर नीलाताईंनी हाताला मलम लावलं, वर स्वच्छ पट्टी बांधली, हळुवारपणे, फुंकर घालून. गाठ मारताना एवढंच म्हणाल्या, "तो रुमाल मी दोनदा धुतला हो. वास काही जाईना."

"अगं, मी शनिवारनंतर सांगणारच होतो," असं त्र्यंबकरावांच्या मनात आलं, पण ते वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकवेना. नीलाताई उठून पानं घ्यायला गेल्या.

शनिवारी शो झाला. शेव्हेल लाल, मस्टँग निळी, शेजारी शेजारी. डब्यांतल्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कप पुन्हा गुरुनाथला मिळाला. तो माईकजवळ गेला आणि थँक यू म्हणून खाली उतरेल तर शपथ! इंग्रजीत सगळी हकीकत सांगितली त्याने. माझ्या मित्राने हात भाजून घेतला, माझी गाडी वाचवली, स्वतःच्या हाताने दुरुस्त केली, आणि तीही आपल्याच गाडीशी स्पर्धा करायला! असा मित्र कुणाला मिळतो? हा कप त्याचा. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. गुरुनाथने कप त्र्यंबकरावांच्या पट्टी बांधलेल्या हातात दिला. ज्यासाठी जीव टाकला तो कप हातात होता, आणि गर्दीत नीलाताईही टाळ्या वाजवत होत्या. सगळ्यांसारख्याच, ना कमी ना जास्त.

शो संपला की गाड्या रांगेने मेन स्ट्रीटवरून जातात. दोन्ही बाजूंना लोक खुर्च्या टाकून बसतात, हात हलवतात. त्र्यंबकरावांनी शेव्हेलचं दार नेहमीसारखं उघडून धरलं. "चल."

"तुम्ही या," नीलाताई म्हणाल्या. "मी सुवर्णाबरोबर जाते. गुरुनाथभावजी कधीपासून बसा म्हणतायत."

आणि त्या मस्टँगच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

त्र्यंबकरावांनी कप शेजारच्या सीटवर ठेवला. घसरू नये म्हणून त्याला पट्टा लावला. रांग निघाली. पुढे निळी मस्टँग, मागे त्यांची शेव्हेल. रस्त्याकडेचे लोक अंगठे वर करत होते, इंजिन वाघासारखं गुरगुरत होतं, इतकं सुरेख ते कधीच चाललं नव्हतं. पुढच्या काचेतून मस्टँगची मागची काच दिसत होती. गुरुनाथ काही तरी बोलला असावा, कारण नीलाताईंनी मान मागे टाकली आणि त्या हसल्या.

मस्टँगकडे बघून त्र्यंबकरावांना पूर्वीसारखाच हेवा वाटला. पण या वेळी तो गाडीचा नव्हता.