उटीवाल्याचा जामीन

जत्रेला पंधरवडा होऊन गेला तरी चन्नप्पांच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. धाकटा भाऊ विरूपाक्ष भर जत्रेत रथाच्या चाकाखाली सापडून गेला होता. अव्वा, म्हणजे त्यांची आई, भिंतीला पाठ लावून बसायची आणि भेटायला येईल त्याला एकच विचारायची, "तो मल्लेश आत आहे ना?" आहे म्हटलं की तिला जरा धीर यायचा. खरं सांगायचं तर चन्नप्पांनाही यायचा.

मेणसगट्टीच्या मिरचीपेठेत चन्नप्पांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, "त्याला बाहेरचं ऊन दिसता कामा नये," की सगळी पेठ तेच म्हणू लागली. गावातल्या वकिलांनी तर ठरावच केला की मल्लेशचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. आपल्या लोकांची ही खोडच आहे बघा. पोलिसांनी एखाद्याला धरलं की आपला निकाल लागलेला असतो. कोर्ट बसेल तेव्हा बसेल, आपण शिक्षा सुनावून, हात झटकून, चहा प्यायला मोकळे!

हा मल्लेश उटीवाला. रथाला ना सुकाणू, ना ब्रेक. चाकाखाली लाकडी उटी, म्हणजे पाचर, सारून रथ वळवायचा आणि थांबवायचा, हे काम त्याच्या घराण्यात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. त्या दिवशी तळ्याच्या उतारावर त्यानं उटी सारली, पण तिनं चाक धरलं नाही. चाक घसरलं आणि दोर ओढणारा विरूपाक्ष खाली आला. मल्लेशनंच त्याला ओढून काढलं, जीपमध्ये मांडीवर घेतलं. सगळं संपल्यावर तो आपल्या पायानं ठाण्यात जाऊन पायरीवर बसला. पोलिसांनी आधी निष्काळजीपणाचा गुन्हा लिहिला होता. त्यात ठाण्यातच जामीन मिळाला असता. पण ठाण्यासमोर गर्दी जमली, आरडाओरडा झाला आणि कलम बदलून सदोष मनुष्यवधाचं झालं. मल्लेश तुरुंगात गेला. आता त्याचा जामिनाचा अर्ज जिल्ह्याच्या कोर्टात लागला होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी फौजदार अडतीवर येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला की जज्जसाहेब तुम्हालाही विचारतील, तेव्हा मल्लेशच्या माणसांनी धमकी दिली एवढं सांगा. मग खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन वर्षं काही तो सुटत नाही. चन्नप्पा म्हणाले, धमकी कुणीच दिलेली नाही. फौजदार हसला. एवढ्या गावात कुणी ना कुणी काही बोललंच असेल की, म्हणाला. चन्नप्पांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारानं रत्नक्का आल्या. घर पाठीला पाठ लागून, त्यामुळे त्यांची ये-जा नेहमी मागच्या दारानंच. पण आज अव्वानं तोंड फिरवलं. कारण वकिलांचा ठराव मोडून मल्लेशचं वकीलपत्र घेणारी ही एकटी बाई. चन्नप्पा उठलेही नाहीत.

"अक्का, विरूपाक्षाला तुम्ही अंगाखांद्यावर खेळवलंत. आणि आता त्याला मारणाऱ्याच्या बाजूनं उभ्या राहता?"

"त्यानं मारलं की नाही, हे ठरायचंय अजून, तम्मा," धाकट्या भावाला हाक मारावी तसं रत्नक्का खाली बसत म्हणाल्या. "ठरलं तर भोगेल. मी काही त्याला निर्दोष सोडा म्हणत नाही. निकाल लागेपर्यंत कोंडून ठेवायचं की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे."

"कोंडायलाच पाहिजे."

"का? तो पळून जाईल? साक्षीदारांना दमदाटी करेल? पुरावा नाहीसा करेल? यातलं काही खरं असेल तर मी आत्ता उठून जाते. पण नुसता आपल्याला राग आलाय म्हणून माणूस आत ठेवायचा, तर ती शिक्षाच झाली की. गुन्हा ठरायच्या आधीची शिक्षा! आणि उद्या तो निर्दोष ठरला, तर गेलेली वर्षं त्याला कोण परत देणार?"

"माझा भाऊ कोण परत देणार?"

खोटं समाधान करायची रत्नक्कांना सवय नव्हती. त्यांनी विचारलं, "तू तर चाकापाशीच होतास. उटीखाली काय होतं, पाहिलंस ना?"

चन्नप्पांनी पाहिलं होतं. रथ निघाला की कळसावर केळी उधळायची, ही गावाची जुनी रीत. उतारावर केळ्यांचा नुसता चिखल झाला होता. आणि दरवर्षी गाडीभर केळी वाटायचा मान चन्नप्पांच्याच अडतीचा.

"तुला दोष देत नाही रे. मीही उधळलीच होती, सगळ्या गावानं उधळली होती," रत्नक्का म्हणाल्या. "चूक उटीवाल्याची, की केळ्यांची, की माणसं इतकी पुढं घुसली त्याची, हे मला ठाऊक नाही. तुलाही नाही. ते शोधायलाच खटला असतो."

त्या गेल्या. चन्नप्पांनी फौजदाराची जीप दारात आलेली पाहिली आणि मुकाट्यानं जाऊन बसले.

कोर्टात सरकारी वकील उठले ते थेट म्हणाले, आरोपीची माणसं मयताच्या घरच्यांना धमकावतात, म्हणून जामीन देऊ नये. रत्नक्कांनी विचारलं, कुणी धमकावलं, कधी, तक्रार कुठं आहे? सरकारी वकिलांनी मागं वळून फौजदाराकडे पाहिलं. फौजदारानं चन्नप्पांकडे. जज्जसाहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी चन्नप्पांनाच पुढं बोलावलं.

"तुम्हाला कुणी धमकी दिली?"

एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. घरी अव्वा वाट बघत होती. दोन शिपायांच्या मधे मल्लेश खाली मान घालून उभा होता. दाढी वाढलेली, सदरा अंगावर ढगळ झालेला. त्याला पाहून चन्नप्पांच्या मनात आलं, याचा हात जरा नीट चालला असता तर! पण त्याच वेळी डोळ्यांसमोर जत्रेच्या दिवशीची ती जीपही आली. विरूपाक्षाचं डोकं मांडीवर घेऊन हाच मल्लेश त्याला हाका मारत होता, "विरूपण्णा, डोळे उघड."

"नाही, स्वामी," चन्नप्पा म्हणाले. "धमकी कुणीच दिली नाही."

फौजदार चुळबुळला. जज्जसाहेबांनी विचारलं, हा पळून जाईल असं वाटतं का?

"पळायचं असतं तर त्याच दिवशी पळाला असता. तो ठाण्याच्या पायरीवर बसून होता." चन्नप्पांनी मल्लेशवरून नजर काढून घेतली. "मला त्याचं तोंड बघवत नाही, स्वामी. रात्री झोप येत नाही. पण विचारलंत म्हणून खरं ते सांगितलं."

जज्जसाहेब म्हणाले, "तुमचं दुःख कोर्टाला कळतं. पण दुःख हे कोठडीचं कारण होऊ शकत नाही." त्यांनी जामीन दिला. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी, जिल्हा सोडायचा नाही, साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही.

बाहेर व्हरांड्यात मल्लेश पाया पडायला वाकला. चन्नप्पांनी पाय मागं घेतले.

"पाया पडू नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. खटल्याच्या तारखेला हजर राहा, मीही येणार आहे."

बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. पेठेत दोघांनी तोंड फिरवलं, एकानं तर ऐकू जाईल असं विचारलं की भावाचं रक्त एवढं स्वस्त झालं का. घरी अव्वा दारातच उभी होती.

"सोडून आलास त्याला?"

"सोडलं नाही, अव्वा. खटला व्हायचाय. जे पाहिलं ते सगळं सांगणार आहे, आपली केळीसुद्धा. मग जो निकाल लागेल तो लागेल." चन्नप्पा उंबऱ्यावरच बसले. "पण विरूपाक्षाच्या नावानं खोटं बोलून आलो असतो, तर त्याच्या फोटोपुढं कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो?"

अव्वाला पटलं नाही. ती बराच वेळ रडली, आणि मग चन्नप्पांच्याच खांद्यावर हात ठेवून आत गेली.

मंडळी, आपला राग खरा असतो, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण राग म्हणजे पुरावा नव्हे, आणि तुरुंग ही काही राग ठेवायची जागा नव्हे. माणूस कोंडायचा तर कारण लागतं, आणि ते कारण खरं लागतं. आज आपल्याला नकोसा माणूस आत आहे म्हणून आपण खुशाल खोट्याला मान डोलावतो. पण जत्रा दरवर्षी भरते आणि चाक कुणाच्याही हातून घसरतं. उद्या त्या दोन शिपायांच्या मधे आपलाच भाऊ उभा असला, तर समोरच्यानं खरं बोलावं, असं आपल्याला वाटेल की नाही?