क्वेझारचा शेजार

विभागात तिला सगळे क्वेझारबाई म्हणत. क्वेझार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या पोटात पेटलेली अशी भट्टी, की तिच्या उजेडापुढे सबंध दीर्घिका दिसेनाशी होते. हे क्वेझार गोलसर, म्हाताऱ्या दीर्घिकांच्या शेजारी राहतात आणि सर्पिल दीर्घिकांपासून फटकून, असं तिचा प्रबंध सांगत होता. सहा वर्षांचं काम. द्यायला आठ दिवस उरले होते, आणि मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती.

त्या सकाळी तिने सहज पडताळणी म्हणून दोनशे छायाचित्रं स्वतः तपासली, क्वेझारची जागा दाखवणारी लाल फुली झाकून. शेजार गायब; क्वेझारजवळ गोल दीर्घिका इतर ठिकाणांपेक्षा जास्त नव्हत्याच. मग आणखी चारशे. तेच.

अकरा हजार छायाचित्रं बाबांनी बघितली होती. निवृत्त नकाशाकार, रेघ केसभर हलली तरी त्यांना खटकायची. संगणकाला अंधुक दीर्घिका जमत नव्हत्या, म्हणून गोल की सर्पिल एवढंच त्यांनी लिहायचं होतं. फुल्या पुसून द्याव्यात हे तिच्याच डोक्यात आलं नव्हतं. एवढी शिकली, आणि ऐन वेळी अक्कल गहाण टाकली.

"बाबा, अंधुक असल्या की तुम्ही कसं ठरवायचात?"

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नाहीच कळलं तर फुली बघायचो. फुलीजवळ असली की गोल."

"का?"

"तुला तसंच हवं होतं ना? रोज जेवताना तूच सांगायचीस." मग जरा थांबून, "काही चुकलं का गं?"

गप्प राहिली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"चुकलं," ती म्हणाली. "सगळंच."

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला. "आठ दिवस आहेत ना? फुल्या पुसून दे मला."

"चार वर्षं लागली होती, बाबा."

"दे तर खरं."

आठ दिवसांत काही होणार नाही हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी तिने फुल्या पुसल्या. बाबांनी पहिलं छायाचित्र उघडलं आणि नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकून बघितलं.

"हे काही कळत नाही बुवा," ते म्हणाले, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघू लागले.

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.