कारखान्याच्या दारातलं गाऱ्हाणं

निलेशशेठला चारचौघांत खाली मान घालायला लावायची होती. त्यासाठी मी माघापासून दात खाऊन वाट पाहत होतो.

आमचा कोलंबीचा कारखाना हातखंब्याच्या अलीकडे. पावसाळ्यात मासेमारीला बंदी, म्हणून कारखानाही बंद. थोरल्या मालकांच्या, काशीरामशेठच्या काळात बंद म्हणजे नुसता बंद होता. माणसाची रजा माणसापाशी राहायची. म्हातारे मुंबईला मुलीकडे राहायला गेले, कारभार मुलाकडे, निलेशशेठकडे आला आणि त्याने नियम काढला: बंदचे दिवस तुमच्या वर्षाच्या रजेतून कापणार. दार त्याने लावायचं आणि रजा आम्ही घेतली म्हणायचं.

गेल्या पावसाळ्यात बंद होता तेव्हा माझा बाप, लवू, ठणठणीत होता. सांगून कोण आजारी पडतं? माघात बहिणीचा, दर्शनाचा, गावाहून फोन आला, "दादा, बाबा तुजाच नाव घेतायत. आत्ताच्या आता ये."

मी तसाच केबिनमध्ये गेलो. निलेशशेठने मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. "तुझी रजा बंदमध्ये संपली, रघू. कंटेनर भरून झाला की जा. आधी गेलास तर परत येऊ नकोस."

घरात खाणारी तोंडं होती. मी कंटेनर भरला. गावी पोचलो तेव्हा बाप अंगणात होता, तिरडीवर. शेवटचं पाणी दर्शनाने पाजलं होतं.

त्या दिवसापासून निलेशशेठचं वाईट व्हावं असं मला रोज वाटायचं. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बंदी उठली की आमच्याकडे कारखान्याच्या दारात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. पद्धत काशीरामशेठनी घालून दिलेली, आणि गाऱ्हाण्याचा मान आमच्या घरचा. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी हात जोडून दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बापामागे यंदा ते माझ्याकडे आलं.

काशीरामशेठ मुंबईहून मुद्दाम आले होते. काठी टेकत माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "लवू गेला, लय वाईट वाटला रे. निलेश बोलला, फोन आल्याबरोबर तुला गाडी करून पाठवला. बापाजवळ व्हतास, हाच खूप."

निलेशशेठ बाजूलाच होता. त्याने तोंड फिरवलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातला नारळ दारात ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तुज्या लेकरांनी ह्यो नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"दर्यावर गेलेल्या व्हड्या भरल्या-पुऱ्या घरी आन म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." मागून कनीजभाभी दरसालप्रमाणे हळूच 'आमीन' म्हणाली. कोलंबी सोलायला ती सगळ्यांत जुनी.

"कारखान्याला कोनी वाकडी नजर लावली आसल, तर ती मोडून काढ म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता सगळ्यांचा सूर लागला होता. मी श्वास न घेता पुढे गेलो.

"आनि ज्या कोनी लेकाला कंटेनर भरायला आडवून धरला, बापाच्या तोंडात पानी घालू दिला नाय, त्याच्या बापाच्या येळेला त्यालाबी आसाच आडवून धर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज निलेशशेठचा होता. सवयीने तोंडातून निघून गेला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि बाप तर शेजारीच हात जोडून उभा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय बडबडतोस? परत घाल गाऱ्हाणं. नीट घाल."

"देवाला सांगितलेला परत घेतात काय, शेठ?" मी म्हणालो.

काशीरामशेठ मुलाकडे वळले. "हा रघू खरा बोलतोय?"

"बाबा, नियम सगळ्यांना सारखाच आहे..."

"मी काय विचारतोय?"

निलेशशेठने मान खाली घातली. बायका बघत होत्या, ड्रायव्हर बघत होते. मला एवढंच हवं होतं. माघापासून पहिल्यांदा माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

पण म्हातारे तिथे थांबले नाहीत. त्यांनी काठी कनीजभाभीच्या हातात दिली, नारळाकडे तोंड केलं, पुन्हा हात जोडले आणि एकट्यानेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय म्हाराजा."